पुसलेला शेरा

दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचणं हेच माझं काम झालं, त्याला चार वर्षं झाली होती. स्वतः लिहायचं नेमकं कधी सुटलं ते सांगता येणार नाही. आधी आठवड्यातले दोन दिवस वाचायचो, मग तीन झाले. मग हुडकेश्वरच्या घरात मागच्या खोलीत टेबल लावलं आणि सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नुसता वाचतच राहिलो. कंपनीचं ऑफिस पुण्याला, मी नागपुरात, आणि टीममधले बाकीचे आपापल्या गावी. कोणी काही लिहिलं की ते माझ्याकडे येतं. मी ओळीशेजारी शेरे लिहितो: 'इथे असं का?', 'हे नाव बदला', 'याची टेस्ट कुठे आहे?' लिहिणारा दुरुस्त करून परत पाठवतो. माझं समाधान झालं की मी हिरवं बटण दाबतो आणि तो कोड पुढे जातो. याला रिव्ह्यू म्हणतात. माझी बायको शाळेत शिकवते. ती म्हणायची, "तुम्ही तर बाराही महिने पेपरच तपासून राहिले. आमचे निदान एप्रिलमध्ये संपतात."

तिचं खरं होतं. तो थकवा अंगमेहनतीचा नव्हता, झोपून जाणारा नव्हता. दिवसभर दुसऱ्याच्या डोक्यात शिरून त्याची चूक शोधायची, आणि ती सापडली की त्याला वाईट वाटणार नाही असं वाक्य शोधायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा जड. नंतर नंतर मला घरातही कोणी बोललेलं वाक्य तपासल्यासारखं ऐकू यायला लागलं. बायको चिडायची आणि ते बरोबरच होतं.

आम्ही जे बनवतो ते दुसऱ्या सॉफ्टवेअरला कुठे वेळ लागतो ते मोजणारं सॉफ्टवेअर आहे. एखाद्या कॉम्प्युटरवर जी जी कामं चालतात, त्यांची सुरुवात कधी झाली आणि शेवट कधी झाला हे आमचं टूल टिपून ठेवतं. मग ते पडद्यावर आडव्या पट्ट्यांसारखं दाखवतं. लांब पट्टी म्हणजे जास्त वेळ लागलेलं काम. एका सकाळच्या अशा हजारो पट्ट्या होतात, त्यामुळे वापरणाऱ्यांची खूप दिवसांपासून मागणी होती की, बाबा, आम्हाला हव्या त्या वेळेपुरतंच दाखवा. म्हणजे पडद्यावर दोन उभ्या रेषा ओढायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधल्या वेळात काय चाललं होतं तेवढंच दिसलं पाहिजे. हा टाइम फिल्टर लिहायचं काम आमच्या टीममधल्या एका बाईंकडे आलं.

त्या नागपुरातच, नंदनवन भागात राहत. माझ्याच वयाच्या, पंचेचाळीसच्या आसपास. पूर्वी चांगल्या नोकरीत होत्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली, ती आठ वर्षं घरीच. सासूबाई गेल्या आणि वर्षभराने त्या आमच्याकडे रुजू झाल्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला सर. एकाच शहरात असून आम्ही भेटलो होतो एकदाच, तेही कंपनीच्या जेवणात. आठ वर्षांत कोड लिहायची पद्धत बरीच बदलली होती. त्यांचा विचार पक्का असायचा, पण वळण जुनं. पहिल्या फेरीत मी त्यांच्या फिल्टरवर चाळीस शेरे लिहिले. मोजून चाळीस. त्यातले पंचवीस तरी नावांबद्दल, जागा सोडण्याबद्दल, आमच्या टीमच्या सवयींबद्दल होते. त्यांनी एकही वाद न घालता सगळे दुरुस्त करून आठ दिवसांनी परत पाठवलं. दुसऱ्या फेरीत मी चौदा लिहिले. तेही दुरुस्त झाले.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, एक विचारू काय? आता किती राहिलं?"

"फार नाही. उद्या बघतो मी."

"नाही म्हणजे घाई नाही. पण घरी सगळे विचारून राहिले. मुलगी तर रोज शाळेतून आली की विचारते, आई, तुझं पास झालं काय? मी म्हणते, नाही वं, अजून तपासून राहिले." आणि त्या हसल्या. ते हसणं मला तितकंसं आवडलं नाही, कारण त्यापासून रडू फार लांब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकूण अकरा रिव्ह्यू साचले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. कूलरचं पाणी दोनदा भरून झालं होतं. त्यांच्या फिल्टरपर्यंत पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मी फक्त बदललेल्या ओळी पाहिल्या. सगळं नीटनेटकं झालं होतं. मग शेवटी एकदा मुख्य अट वाचली आणि थांबलो. अट अशी होती: जे काम दोन रेषांच्या मध्ये सुरू झालं, ते दाखवा.

सुरू झालं. पण डाव्या रेषेच्या आधी सुरू झालेलं आणि अजून चालूच असलेलं काम असेल तर? साडेदहा ते अकरा घरात कोण होतं असं कोणी विचारलं, तर साडेदहानंतर आत आलेल्यांचीच नावं सांगायची, आणि सकाळपासून घरातच बसलेल्या माणसाला मोजायचंच नाही, असा तो प्रकार होत होता. मग टेस्ट, म्हणजे कोड तपासायला लिहिलेली नमुन्याची उदाहरणं, पाहिल्या. त्यांत प्रत्येक पट्टी एकतर पूर्ण आत होती नाहीतर पूर्ण बाहेर. रेषेवर आडवी पडलेली एकही नव्हती.

मी शेरा लिहिला. 'डावीकडच्या रेषेआधी सुरू झालेल्या कामाचं काय?' एवढंच वाक्य. ते लिहून मी त्याच्याकडे पाहत बसलो. हे पाठवलं तर अट बदलणार, अट बदलली की मोजणी बदलणार, सगळ्या टेस्ट बदलणार. चौथी फेरी, कदाचित पाचवी. ती मुलगी पुन्हा विचारणार. मनाशी म्हटलं, अशी कामं किती असतील? लोक फिल्टर लावताना थोडं मागेपुढे धरतातच की. पुढच्या महिन्यात सुधारणांमध्ये घेऊ.

मी शेरा पुसला आणि हिरवं बटण दाबलं.

त्या वेळी मला वाटलं, मी हे त्यांच्यासाठी केलं. ते अर्धंच खरं होतं. ते सहाशे ओळींचं प्रकरण मला पुन्हा पहिल्यापासून वाचायचं नव्हतं, हे उरलेलं अर्धं. पुढच्या रविवारी त्यांचे यजमान आमच्या बाजूला काही कामाने आले होते, ते घरी संत्रा बर्फीचा डबा देऊन गेले. "तिनं सांगितलं, सरांना दिल्याशिवाय येऊ नका," म्हणाले. मी दोन तुकडे खाल्ले. बाकीची बायकोने शाळेत नेली.

मे महिना संपत आला. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला होता, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. अशा एका दुपारी तीनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार भाऊ. मी सर्च लिहितो तो. कुहीवरून बोलून राहिलो."

मला पटकन ओळख पटली नाही. मग आठवलं. आमच्याच कंपनीची दुसरी एक टीम दवाखान्यांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवते. खिडकीवरच्या माणसाने पेशंटचं नाव टाकलं की जुनी नोंद शोधून देणारा जो भाग, तो हे गृहस्थ लिहीत. पन्नाशी ओलांडलेले. करोनाच्या वर्षांत नागपूरजवळच्या कुहीला, आपल्या गावी आले आणि घरची धानाची, म्हणजे भाताची, शेती पाहत पाहत तिथूनच काम करत राहिले. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यांचा कॅमेरा बंद, चौकोन कायम काळाच असायचा.

"बोला ना भाऊ."

"मी तुमच्या टूलले खोटं नाही म्हणत. पण मले एकदा समजावून सांगा, हे मोजते कसं? इकडे एका दवाखान्यात रोज सकाळी दहा वाजले की आमचं सॉफ्टवेअर अडकते. खिडकीवर लाइन लागते, लोकं शिव्या देतात. टीमनं तुमचा तो नवीन टाइम फिल्टर लावला अन् मधलं अर्धं मिनिट काढून पाह्यलं. त्यात फक्त माझं सर्च दिसते. एकटंच. एवढी लांब पट्टी."

"मग?"

"मग काय. मी बारा दिवसांत सगळं पहिलेपासून लिहिलं. माझ्या मशीनवर डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. तिकडे गेलं की पुन्हा तेच. दहा वाजले की अडकलंच."

"टीमचं काय म्हणणं आहे?"

"ते म्हणतात, चित्रात तूच दिसतो ना. आता चित्रात मीच दिसतो, ते तर खरंच आहे."

शेवटचं वाक्य ते अगदी शांतपणे बोलले. मी त्यांना म्हटलं, त्या सकाळची फाइल पाठवा. पाच मिनिटांत आली. उघडली. फिल्टर होता तसा, दहा वाजून पाच मिनिटांपासून अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्यात सर्चची नारिंगी पट्टी, बाकी सगळं पांढरं. मी फिल्टर काढला. पट्ट्यांची गर्दी झाली, आणि त्या गर्दीच्या वर एक करडी पट्टी दिसली. बरोबर दहाला सुरू झालेली, दहा वाजून एकवीस मिनिटांनी संपलेली. ते रोजच्या बॅकअपचं काम होतं. सगळ्या नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवायचं. ते चालू असताना डिस्कला दुसरं काहीच सुचत नव्हतं. सर्च हळू नव्हतंच. ते दाराशी ताटकळत उभं होतं.

बॅकअप खरं तर पहाटे साडेचारला चालायला हवा होता. पण सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या प्रमाणवेळेवर लावलेलं होतं, आणि त्या वेळेतले पहाटेचे साडेचार म्हणजे आपले सकाळचे दहा. ज्याने कोणी ते लावलं त्याला कळलंही नसेल. कळलं असतं, जर ती करडी पट्टी फिल्टरमध्ये दिसली असती. ती पाच मिनिटं आधी सुरू झाली होती, म्हणून आमच्या अटीने ती गाळून टाकली होती.

कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसती गरम हवा फेकत होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोन अजून चालूच होता.

"भाऊ? ऐकू येऊन राहिलं काय?"

"हो. हो. मी उद्यापर्यंत सांगतो तुम्हाला."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. तुमची चूक नाही, एवढं बोलायला काही लागत नव्हतं. पण मी आधी स्वतःची सोय पाहिली आणि तो माणूस आणखी एक दिवस तसाच राहिला. याची लाज मला शेरा पुसल्यापेक्षा जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर नंदनवनात गेलो. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. मॅडम गच्चीवर होत्या, प्लॅस्टिकच्या कागदावर मुंगवड्या वाळत घातल्या होत्या त्या उलटत होत्या. मला पाहून दचकल्याच.

"सर तुम्ही? काय झालं?"

खाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी त्यांना ती फाइल दाखवली. फिल्टर लावून आणि काढून. त्यांना दुसऱ्यांदा दाखवायची गरज पडली नाही. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकले.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी सुरू व्हायची वेळच पाहिली फक्त. त्या बिचाऱ्यानं बारा दिवस माझ्यापायी..."

"तुमची एकटीची नाही. मी पाहिलं होतं ते."

"काय पाहिलं होतं?"

"ही अट. शेवटच्या फेरीत लक्षात आलं होतं. शेराही लिहिला होता. मग पुसला."

"काहून?"

"तुमचा आदल्या दिवशी फोन आला होता. मला वाटलं, अजून एक फेरी नको. तुम्ही किती..."

"दया केली काय तुम्ही माझ्यावर?"

"हो," मी म्हटलं.

"चाळीस शेरे लिहिले तेव्हा नाही वाटली दया," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "याचं नाव बदला, त्याची जागा सोडा. सगळं निमूटपणे केलं मी. म्हटलं, आपण मागे पडलो, शिकून घेऊ. अन् त्यात एक कामाचा शेरा होता, तोच तुम्ही पुसला. आठ वर्षं घरात होती म्हणून एवढंही झेपणार नाही असं वाटलं काय तुम्हाला? मी सासूची आठ वर्षं सेवा केली सर, मले एक फेरी जड झाली असती?"

आतल्या खोलीतून त्यांच्या मुलीने डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकली, मान हलवली नाही. उठून आत गेल्या. मला वाटलं, आता निघावं. पण त्या माठातलं पाणी घेऊन आल्या, तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "प्या. अन् बसा. दुरुस्त करू आधी."

आम्ही चार वाजेपर्यंत बसलो. खरं सांगायचं तर त्याच बसल्या होत्या, मी शेजारी होतो. अट बदलणं सोपं होतं: जे काम उजव्या रेषेआधी सुरू झालं आणि डाव्या रेषेनंतर संपलं, ते घ्यायचं. पण मग मोजायचं किती? एकवीस मिनिटांची पट्टी अर्ध्या मिनिटाच्या खिडकीत आली, तर तिच्या नावावर एकवीस मिनिटं लावायची का? मी म्हटलं, पूर्ण दाखवू. त्या म्हणाल्या, "नाही. खिडकीत जेवढी आहे तेवढीच मोजायची. दोन्ही टोकं कापायची, अन् कापली आहे हे दिसलं पाहिजे. नाहीतर अर्ध्या मिनिटात एकवीस मिनिटं कुठून आली म्हणून कोणीतरी पुन्हा डोकं फोडेल." त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनीच विचारलं, ज्याचा शेवट अजून नोंदलेलाच नाही त्याचं काय? काम सुरू झालं आणि रेकॉर्डिंग थांबलं, अशा पट्ट्या. ते माझ्या ध्यानातही नव्हतं, ना तेव्हा ना आता. त्यासाठी त्यांनी वेगळी टेस्ट लिहिली. रेषेवर आडव्या पडणाऱ्या सगळ्या पट्ट्यांच्या मिळून नऊ टेस्ट झाल्या. वळण नवं, नावं नीट. माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस त्यांचं अक्षर तपासत होतो.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "याचा रिव्ह्यू तुम्ही नाही करायचा. पुण्याले पाठवते मी."

घरी येऊन मी कुहीला फोन केला आणि सगळं सांगितलं. बॅकअपचं, घड्याळाचं, अटीचं. मग ते म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"तुमचं बरोबर होतं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दोन्ही टीमची मीटिंग झाली. मॅडमनी स्वतःच सुरुवात केली, फिल्टर मी लिहिला, चूक माझी. त्यांच्यामागे मी बोललो. चूक दिसली होती, शेरा लिहून पुसला, सगळं. पुसलेला शेरा कुठे उरत नाही. मी बोललो नसतो तर कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. आमचे पुण्याचे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, म्हणाले, "ठीक आहे, पुढे काय करायचं ते बघू." आठवड्याने एक यादी आली. रिव्ह्यू करणाऱ्याने बटण दाबायच्या आधी सात प्रश्नांवर खूण करायची. दुसऱ्या टीमचे प्रमुख म्हणाले, "मग सर्च जुनंच परत लावू, ते चालत होतं." बारा दिवसांचं काम एका वाक्यात बाजूला झालं. कुहीचा चौकोन काळाच होता. त्यातून "धन्यवाद" एवढंच ऐकू आलं. बॅकअपची वेळ बदलली. त्या दवाखान्यात दुसऱ्या सकाळी दहा वाजता काहीच झालं नाही.

माझं मन मात्र स्वस्थ होईना. पुढच्या शनिवारी पहाटेच मोटरसायकल काढली आणि साडेसातला कुहीला पोचलो. त्यांचं घर गावाच्या टोकाला, स्लॅबचं, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. त्या वेळी सगळ्या कोरड्या, भेगा पडलेल्या. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुदळ घेऊन उभे होते. मीटिंगमध्ये कधी चेहरा दिसला नव्हता, त्यामुळे ओळख मलाच सांगावी लागली.

"एवढ्या उन्हाचे काहून आले गा तुम्ही?" ते म्हणाले. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "या, बसा. चहा ठेव वं," असं आत ओरडले.

अंगणात खाटेवर बसलो. मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, संपवला.

"मले राग नाही आला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "आला. बारा दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. बायकोनं काही विचारलं की वाटे, हिलेही माहीत झालं का काय. वय झालं, आता आपल्याच्यानं होत नाही, हे मी स्वतःशी मान्य करून टाकलं होतं. काम सोडतो म्हणून पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवलं नव्हतं, पण लिहिलं होतं."

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "जेवत नव्हते हे. मी म्हटलं, पोटात दुखते काय? तर उठून बांधीवर जाऊन बसत."

"तुमचा तो शेरा पुसलेला कोणी पाहिला होता काय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग सांगितलं काहून?"

येताना वाटेत मी यावर विचार केला होता, पण शोभेल असं उत्तर सापडलं नव्हतं. "लपवून ठेवायचा कंटाळा आला होता," मी म्हटलं. "इतकंच."

ते पहिल्यांदा थोडे हसले. "हे पटते," म्हणाले. मग आतून लॅपटॉप घेऊन आले. "तुम्ही वाचायचं काम करता ना? मग हे वाचा. फेकून दिलं त्यांनी. पण चांगलं झालं आहे."

ते त्यांचं नव्याने लिहिलेलं सर्च होतं. मी खाटेवर मांडी घालून वाचायला लागलो. पहिली पाच मिनिटं सवयीने चुका शोधत होतो. मग ते सुटलं. खेड्यापाड्यातली माणसं नाव सांगताना कशी सांगतात, खिडकीवरचा माणूस ते कसं ऐकतो, आडनाव आधी की नाव आधी, एकच नाव तीन तऱ्हेने कसं लिहिलं जातं, हे सगळं त्या माणसाने त्यात धरलं होतं. कुठे एक ओळ जास्तीची नव्हती. खूप दिवसांनी मी कोणाचं तरी लिहिलेलं नुसतं वाचलं. वर पाहिलं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "जुन्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे."

"ते माहीत आहे मले," ते म्हणाले. "दुसऱ्यानं म्हटलेलं ऐकायचं होतं."

परत आल्यावर मी ते सर्च घ्यावं म्हणून दोनदा त्यांच्या प्रमुखांना लिहिलं. उत्तर आलं, जुनं चालतंय ना. तिसऱ्यांदा लिहायला मी कंटाळलो, हे कबूल करतो. लीडना सांगून रिव्ह्यूचं काम निम्म्यावर आणलं, उरलेल्या वेळात पुन्हा थोडं थोडं लिहायला लागलो. बोटं अडखळायची. मॅडम आता रिव्ह्यू करतात. माझ्याशी त्या नीट बोलतात, कामापुरतं. पूर्वीसारखं 'एक विचारू काय' म्हणून फोन मात्र आला नाही, आणि मी तशी अपेक्षाही धरत नाही.

कुहीच्या गृहस्थांनी दिवाळीच्या आधी काम सोडलं. मला स्वतःहून फोन करून सांगितलं. "तुमच्यामुळे नाही," म्हणाले. "धान कापणीले आला, अन् आता दोन्हीकडे लक्ष देणं होत नाही." मी त्यांना थांबा म्हटलं नाही. विचारलं, यंदा धान कसं आहे. ते म्हणाले, बरं आहे, मधे तुडतुड्याची कीड आली होती पण आवरली. मग कापणीला माणसं मिळत नाहीत यावर ते बराच वेळ बोलत राहिले, आणि मी ऐकत राहिलो.